ओळखीचा शब्द

माझ्या नवऱ्याचा आवाज हदगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, या टोकाहून त्या टोकाला जायचा, तेही माईक नसताना. आडतीवर सौदे पुकारायचं त्यांचं काम. सोयाबीनच्या ढिगामागं शेतकरी, पुढं व्यापारी आणि मधोमध हा माणूस छाती काढून भाव चढवतोय. लोक मला म्हणायचे, बाई, तुमच्या मालकाच्या नरड्यात देवानं कर्णा बसवलाय. मी हसून पुढं जायचे. तोच कर्णा घरी माझ्या कानाशी कसा वाजतो हे त्यांना काय माहीत.

इथं कुणाचंच नाव येणार नाही. त्यांचं मी तोंडानं घेत नाही, आमच्याकडं बायका घेत नाहीत. माझं त्यांनी कधीच घेतलं नाही. मी म्हणजे "ए". नाहीतर "अगं ए". रागात "मास्तरीण", आणि लई राग आला की नुसतं खाकरणं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. रोज सकाळी पोरांची नावं मोठ्यानं घेऊन हजेरी लावायची आणि घरी आलं की आपलं नाव चपलेसोबत उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचं, असं माझं चाललेलं असायचं.

याची सुरुवात लग्नाच्या दिवशीच झाली. वरात घरी आली, नणंदांनी दार अडवलं. नाव घ्या, मगच आत. मी घेतलं त्यांचं, चांगलं खणखणीत, मास्तरणीच्या आवाजात. मग त्यांची पाळी. सगळी आळी जमलेली. हा पठ्ठ्या गळा साफ करून म्हणतो कसा, "सुपात गहू, पाटीत तूर, आमची अमुक देते दुधाचा पूर!" अमुकच्या जागी गोठ्यातल्या म्हशीचं नाव. आळी हसून लोळायची बाकी राहिली. माझी आई मागं उभी होती, तीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मी उंबऱ्यावरचं माप ओलांडलं आणि आत गेले. तेव्हा मला वाटलं होतं, थट्टा आहे, उद्या-परवा घेतील नाव. तो उद्या काही उगवला नाही. म्हशीला मात्र ते रोज तिच्या नावानं हाक मारायचे, आणि ती मेली तेव्हा जेवले नाहीत.

तर असा माणूस एका सकाळी तुरीचा सौदा पुकारता पुकारता मधेच थांबला आणि ढिगावर बसला. लोकांना वाटलं चक्कर आली. नांदेडला आणेपर्यंत हातपाय गेले, मान गेली, जीभ गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या बुडाशी झटका बसलाय. आत सगळं शाबूत आहे. ऐकू येतं, कळतं, आठवतं. फक्त बाहेर यायच्या वाटा बंद झाल्यात. आता उरलं काय, तर नजर थोडी हलते आणि पापण्या मिटतात.

मी नोकरी सोडली. नांदेडात धाकट्या दिराच्या घराखालच्या दोन खोल्यांत आम्ही राहायला आलो. दीर वर राहतो, पाइपांचं दुकान आहे त्याचं. नळीतून पातळ घालणं, कूस बदलणं, लाळ पुसणं, हे सगळं माझ्याकडं आलं. मी करत होते. प्रेमानं करत होते असं कुणी लिहिलं तर ते खोटं आहे. बिनचूक करत होते. पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी.

बोलण्यासाठी पापणी होती. एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. हे ऐकायला बरं वाटतं, पण प्रश्न विचारणारा आपल्याला हवं तेच विचारतो ना! दीर यायचा आणि म्हणायचा, "दादा, क्रिकेट लावू का? लावतोच." पापणीची वाट कोण बघतो. पाहुणे यायचे ते सगळे एकच विचारायचे, "मला ओळखलं का?" मोंढ्यातले हमाल, आडते, चुलत-मावस, झाडून सगळे पलंगाशी वाकायचे. "दादा, म्या कोण? ओळखलं का?" पापणी एकदा मिटायची. पाहुणा खूश. "ओळखलं बघा! ओळखलं!" मग चहा. अरे, ज्याचं डोकं शाबूत आहे तो तुम्हाला ओळखणार नाही तर काय करणार? आणि ओळखलं म्हणजे कोण म्हणून ओळखलं, हे विचारायची सोय होती का? चोर म्हणून ओळखलं असेल तरी पापणी एकदाच मिटणार.

अशात लातूरची ती पोरगी आली. पोरगी म्हणते मी, पण तिशीची बाई, इंजिनिअरिंगच्या कॉलेजात संशोधन करणारी. आमच्या डॉक्टरांनी तिला पाठवलं होतं. तिच्याकडं एक मशीन होतं, एकच. डोक्यावर घट्ट टोपी, टोपीला बटणाएवढ्या चकत्या, प्रत्येक चकतीखाली गार जेल. समोर पडदा, त्यावर सगळी अक्षरं, काना-मात्रा-वेलांटीसकट ओळीनं मांडलेली. ती अक्षरं आळीपाळीनं चमकतात. आपल्याला हवं त्या अक्षराकडं बघायचं आणि ते चमकलं की मनात मोजायचं.

"हवं ते अक्षर चमकलं की मेंदू आतल्या आत दचकतो, काकू," ती म्हणाली. "बाकीच्या अक्षरांना दचकत नाही. मशीन तो दचका पकडतं आणि ते अक्षर लिहितं. काका स्वतः बोलतील. कुणी विचारायची गरज नाही."

दीर म्हणाला, "म्हंजे दादाच्या मनातलं ह्याच्यावर दिसणार?"

"मनातलं नाही हो. ते जे अक्षर मोजतील तेवढंच."

मशीन ज्याला जमेल त्याच्याकडं राहणार होतं. आमच्याकडं जमलं नाही तर उदगीरकडच्या एका पेशंटच्या घरी जाणार होतं. आमच्या ह्यांच्यासाठी किती मोठी गोष्ट होती ही, मला कळत होतं. ज्या माणसाचा जन्म पुकारण्यात गेला त्याला पुन्हा तोंड मिळणार होतं.

पण आधी मशीनला त्यांचा मेंदू शिकवावा लागणार होता. त्यासाठी ओळखीचा एक शब्द आपण द्यायचा, त्यांनी तोच मनात मोजायचा. म्हणजे दचका कुठं यायला हवा हे मशीनला आधीच ठाऊक असतं, त्यावरून ते शिकतं. मोंढ्यात सकाळी काटा तपासायला ठरलेलं वजन टाकतात, तसं.

"जवळचा शब्द घेऊ," ती पोरगी म्हणाली. "ज्यात जीव अडकलेला असतो असा. काकू, तुमचं नाव काय?"

दीर खिडकीबाहेर बघायला लागला, त्याचे खांदे हलत होते हसून. मी नाव सांगितलं. तिनं ते पडद्यावर वरच्या पट्टीत टाकलं. माझं नाव, एवढं मोठं, त्यांच्या डोळ्यांपुढं. शिकल्यासवरल्या त्या पोरीला कुठं माहीत की या घरात ते नाव म्हणजे शिवी दिल्यासारखं आहे. ती आपल्या नवऱ्याला नावानं हाक मारणारी, अरे-तुरे करणारी. आणि मी बोलले का? नाही बोलले. मला ते नाव त्यांच्याकडून हवं होतं. लाज कसली त्यात? आयुष्यभर त्यांचं सगळं केलं, तोंडानं नाही तर मशीननं का होईना, एकदा घ्या म्हटलं.

पहिल्या दिवशी काही जमलं नाही. पोरगी म्हणाली, असं होतं, सवय नसते. दुसऱ्या दिवशी जेल बदललं, चकत्या सरकवल्या, पडद्याची उंची बदलली. अक्षरं चमकत होती, ते डोळे उघडे ठेवून बघत होते, झोपले नव्हते, दमले नव्हते. मशीनला मात्र एक दचका सापडेना. तिसऱ्या दिवशी तिनं तोच शब्द परत परत चालवला आणि संध्याकाळी टोपी काढून ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, काही लोकांना नाही जमत हे. मेंदूची चूक नसते, कुणाचीच चूक नसते. मशीन पुढं न्यावं लागंल."

माझं डोकंच फिरलं. मी पलंगाशी गेले.

"अवं, नाव घेतलं तर जीभ झडंल का तुमची? ती तर आधीच झडली! आता काय जायचं राहिलंय? मशीन चाललंय उदगीरला. पडा मग असंच, तुमचा भाऊ लावील ते क्रिकेट बघत! लई मोठे पुकारणारे!"

"काकू, असं बोलू नका त्यांना," पोरगी घाबरली.

"तू गप. तुला माहीत नाही हा माणूस. ह्यांना जमत नाही असं नाही, हे करून नाही राहिले. दुसरा शब्द टाक. कापूस टाक."

तिनं टाकला. कापूस. एका दमात मशीन शिकलं. अक्षर न् अक्षर बरोबर. पोरीनं तोंडावर हात ठेवला आणि मग टाळ्या वाजवल्या, दीर "दादा! दादा!" करत नाचला. मी जेलचा डबा बंद करत होते. मला रडू आलं नाही, आणि आनंदही झाला नाही. तीन दिवस मुकं राहणं पत्करलं, पण माझं नाव पत्करलं नाही, एवढंच मनात बसलं.

त्यांनी स्वतःच्या मनानं लिहिलेलं पहिलं वाक्य होतं, "भाव काय".

मशीन राहिलं. रोज सकाळी जेल भरायचं, टोपी चढवायची, ओळखीचा शब्द टाकून मशीन जुळवून घ्यायचं, हे पोरीनं मला शिकवलं. तो शब्द रोज लागायचा, कारण टोपी रोज केसभर इकडंतिकडं बसते. रोज कापूस. मग दिवसभर ते बोलायचे. सावकाश, एकेक अक्षर, पण बोलायचे. हदगावहून माणसं यायला लागली. खुर्च्या कमी पडल्या. आज सोयाबीनचा भाव काय निघाला, कोणत्या आडतीवर भांडण झालं, कोण व्यापारी नरमला, सगळं त्यांच्यापुढं मांडायचे, आणि हे लिहायचे, "चोर हाय तो". लोक खदाखदा हसायचे. परत सगळ्यांचे लाडके झाले ते. मी चहा करायचे.

माझ्यासाठीही शब्द होते. "कूस." "पाय." "पंखा." "चहा", म्हणजे पाहुण्यांना. एकदा एक म्हातारा आडत्या म्हणाला, "अरे, वहिनीला बी काही बोल की चांगलं. एवढं करून राहिली तुझं." सगळे पडद्याकडं बघायला लागले. मीही दारात थांबले, हातात ट्रे तसाच. अक्षरं चमकत राहिली. त्यांनी लिहिलं, "ती हायच."

हसले सगळे. म्हातारा म्हणाला, हाव, ते बी खरंच. हायच. भिंतीला खुंटी असते तशी मी तिथं होतेच. मी कप मांडले आणि परत ओट्याकडं गेले.

पुढं लातूरहून फोन आला. पोरगी उत्साहात होती. म्हणाली, "काकू, पहिल्या तीन दिवसांची नोंद माझ्याकडं तशीच आहे. तेव्हा मशीनला काकांचा दचका ओळखता येत नव्हता, आता येतो. मागं जाऊन बघता येईल की तेव्हा काका कोणती अक्षरं मोजत होते. माझ्या कामाला लई उपयोग होईल. बघू का?"

"बघ," मी म्हणाले. ते पलीकडच्या खोलीत होते, डोक्यावर टोपी होती, समोर पडदा चालू होता. त्यांना विचारता आलं असतं. तिनं मला विचारलं आणि मी हो म्हणून मोकळी झाले.

दोन-चार दिवसांनी परत फोन. "काकू, शब्द सापडलाय. रिकामं नव्हतंच ते. पण मला अर्थ लागंना झालाय. तुम्ही येता का? फोनवर नको."

मी दिराला त्यांच्यापाशी बसवलं आणि लातूरची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, सगळा रस्ता मी खिडकीला डोकं टेकून तोच विचार करत होते. काय मोजलं असेल? पाणी? आई? मरू द्या? ते असतं तर मी समजू शकले असते. की माझ्यासाठी काही होतं, चारचौघांत माझ्या नावानं नाही तर दुसऱ्या कशानं? मी चांगली साडी नेसले होते त्या दिवशी. ठेवणीतली. या वयात कुणासाठी नेसले होते ते माझं मलाच ठाऊक.

पोरीनं मला तिच्या टेबलाशी बसवलं, पंखा माझ्याकडं वळवला आणि पडदा लावला. "हे बघा, पहिला दिवस. आपण तुमचं नाव दिलं होतं. काका मात्र हे मोजत होते." एकेक अक्षर पुढं आलं. दुसऱ्या अक्षराला मला कळलं. तिसऱ्याला खात्री झाली.

म्हशीचं नाव होतं.

"तुमच्या नावाला जागा कमी होती, ह्या शब्दाला जास्त लागते," ती सांगत होती, "म्हणून पहिल्या फेरीत अर्धवट राहिलं. तर काकांनी दुसऱ्या फेरीत उरलेलं पुढं पूर्ण केलं, काकू! आणि मग परत पहिल्यापासून. तिन्ही दिवस तेच. एकदा सुद्धा चुकले नाहीत. इतकं लक्ष लावून कुणी मोजलेलं मी बघितलं नाही." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "हे कुणाचं नाव आहे, काकू? तुम्हाला लाडानं म्हणायचे का?"

काय सांगायचं त्या पोरीला? बाई गं, ही आमची म्हैस? लग्नाच्या दारात केलेली थट्टा हा माणूस हातपाय, जीभ सगळं गेल्यावर, एकटा, आतल्या आत, परत करत होता? कुणी हसणारंसुद्धा नव्हतं. आळी नव्हती, नणंदा नव्हत्या. फक्त मी होते समोर, आणि मला ऐकूही जाणार नव्हतं. तरी केली.

"हाव," मी म्हणाले. "माझंच."

तिचे डोळे भरले. "मग ते तुमचं नाव घेतच होते, काकू! आपणच चुकीचा शब्द दिला त्यांना." तिनं माझा हात धरला आणि चहा मागवला. मी तो प्याले.

परतीच्या एसटीत माझ्या अंगाची आग झाली. म्हशीच्या पाठीवरून ते रोज हात फिरवायचे, कान खाजवायचे. तिला ताप आला तर हिमायतनगरहून जनावरांचा डॉक्टर आणला होता. माझ्या बाळंतपणात मला माहेरी सोडलं ते पोर जगलं नाही हे कळल्यावरच आले, आणि तेव्हाही अंगणातूनच म्हणाले, "ए, चल." मी तीस वर्षं म्हशीच्या बरोबरीला नव्हते. हे मला माहीत होतं, पण असं अक्षर लावून कुणी दाखवलं नव्हतं.

घरी पोचले. दीर वर गेला. मी हातपाय धुतले, साडी बदलली, पलंगासमोर खुर्ची ओढली आणि त्यांच्या तोंडापाशी वाकून म्हशीचं नाव घेतलं. हळूच. एकदाच.

त्यांची नजर माझ्यावर आली. मग पडद्याकडं गेली आणि परत माझ्याकडं.

"हाव, त्यानंच सांगितलं," मी म्हणाले. "लातूरला जाऊन आले. तुम्ही मोजलेलं सगळं त्यात होतं. तुम्ही सांगितलं नाही ते पण सांगतं ते."

त्यांचा चेहरा हलत नाही, पण लाल होतो. कानापर्यंत लाल झाला. या माणसाला लाजलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. मला बरं वाटलं. खरं सांगते, लई बरं वाटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मी दिवा लावायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेल भरलं, टोपी चढवली आणि कापूस काढून टाकला. त्याजागी माझं नाव टाकलं.

"घ्या," म्हणाले. "आधी हे. मग मोंढा."

त्यांनी डोळे मिटले. मी दिवसभर टोपी काढली नाही. पडदा चालू, वर माझं नाव, खाली अक्षरं आपली चमकतायत. पाहुणे आले. "दादा आज बोलंना का?" मी म्हणाले, त्यांना शब्द दिलाय, तो घेतला की बोलतील. लोक थोडा वेळ बसले, एकमेकांकडं बघितलं आणि उठले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. दीर खाली येऊन माझ्यावर ओरडला, "वहिनी, काय लावलंय हे? जुना शब्द टाका की!" मी म्हणाले, "तू टाक ना. टोपी चढवता येते का तुला? जेल भरता येतं? इतक्या दिवसांत एकदा तरी हात लावलास?" तो पाय आपटत वर गेला आणि त्यानं लातूरला फोन केला.

पोरगी धावत आली. तिनं काही विचारलं नाही, सरळ कापूस टाकला. ते डोळे उघडून बघायला लागले. मशीन जुळलं. तिनं सुटकेचा श्वास सोडला.

"बोला काका. काय झालंय?"

अक्षरं चमकली. त्यांनी लिहिलं, "न्या".

"काय नेऊ, काका?" तिला कळेना. मग कळलं. "मशीन? मशीन नेऊ?"

पापणी एकदा मिटली.

"काकूंमुळं का? मी सांगते त्यांना, त्या परत नाही असं करणार."

दोनदा मिटली.

मग तिनं विचारलं, आणि तिचा आवाज बारीक झाला होता, "मी जुनं उघडून बघितलं म्हणून? तुम्हाला न विचारता?"

एकदा मिटली. मग डोळे मिटलेलेच राहिले.

"चूक माझी आहे, काका," ती म्हणाली. "तुमचं तुम्हालाच विचारायला पाहिजे होतं. परत कधी नाही करणार. काका, असं नका करू, तुम्हाला बोलता येतंय!" ती रडत होती. दीर विनवत होता, दादा, ऐक, दादा. मला वाटलं, आता माझ्याकडं बघतील. मीच म्हणाले, "ठेवा म्हणा. मी रोज कापूस टाकते. शब्द आहे माझा." त्यांनी डोळे उघडले नाहीत. हा माणूस एकदा भाव तोडला की परत वर चढवत नाही, हे सबंध मोंढ्याला माहीत आहे.

तिनं टोपी काढली, चकत्या पुसल्या, वायरी गुंडाळल्या. कपाळावर चकत्यांचे गोल वळ राहिले होते. मशीन त्याच संध्याकाळी गेलं. उदगीरच्या त्या पेशंटला ते चांगलं जमलं असं नंतर कळलं. तो त्याच्या बायकोशी तासन् तास बोलतो म्हणे.

आता हदगावहून कुणी येत नाही. सणावाराला एखादा डोकावतो, ओळखलं का विचारतो आणि चहा घेऊन जातो. दीर क्रिकेट लावतो. मी कूस बदलते, नळी धुते, पाठ पुसते. पाठीला अजून एक जखम नाही.

परवा दुपारी त्यांची दाढी करत होते. साबण लावलेला, वस्तरा माझ्या हातात, तोंड इतकं जवळ की त्यांचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. ते माझ्याकडं बघत होते. किती वर्षांनी असे सरळ बघत होते कोण जाणे. आणि माझ्या तोंडून तेच निघालं, सगळे विचारतात तेच.

"मला ओळखलं का?"

पापणी एकदा मिटली.

मी वस्तरा बाजूला ठेवला. "कोण?" मी विचारलं. "सांगा ना. कोण मी?"

ते बघत राहिले. मीही बघत राहिले. गालावरचा साबण वाळायला लागला तसा मी तो पुसला, परत लावला आणि राहिलेली दाढी पूर्ण केली.